एका डोक्यात मावणारा कर्नल

सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स हे प्राध्यापक १९७६ साली ऑपरेटिंग सिस्टीम हा विषय शिकवत होते. वर्गासाठी त्यांनी नेहमीचं पाठ्यपुस्तक निवडलंच नाही. बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी लिहिलेल्या युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीचा कर्नल त्यांनी ओळीओळीला क्रमांक घालून छापला, आणि कीर्तनकार एकेक ओवी घेऊन निरूपण करतो तसं एकेका फंक्शनवर भाष्य लिहून काढलं. तो सगळा कर्नल जेमतेम नऊ हजार ओळींचा होता. पुढे १९७९मध्ये युनिक्सची सातवी आवृत्ती आली, तेव्हा एटी अँड टी कंपनीने परवान्यातच अट घातली की हा कोड वर्गात शिकवायचा नाही. लायन्स यांचं भाष्यही उघडपणे वाटायची सोय राहिली नाही. मग झेरॉक्सची झेरॉक्स, तिचीही झेरॉक्स, अशा पुसट प्रतींवर एक अख्खी पिढी कर्नल शिकली. ते भाष्य राजरोस छापून विक्रीला यायला १९९६ साल उजाडलं.

ही जुनी हकीकत आज काढायचं कारण असं, की कर्नल प्रोग्रॅमिंग कुठून सुरू करायचं या प्रश्नाचं उत्तर मला अजूनही तिथेच सापडतं. नवशिक्याने आधी एक छोटा, पण पुरा कर्नल हाती घ्यावा, तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावा, चालवून बघावा, मोडून बघावा. स्वतःचा लिहायची किंवा लिनक्समध्ये हात घालायची घाई नंतर करावी. हे ऐकायला मिळमिळीत वाटतं. कोडिंग शिकायला निघालेल्या माणसाला 'वाच' म्हणणं म्हणजे पोहायला आलेल्याच्या हाती पुस्तक देण्यासारखं, असा आक्षेप लगेच येतो आणि त्याला उत्तर द्यावं लागेल. त्याआधी हा कर्नल असतो तरी काय, ते बघू.

आपला गाभारा डोळ्यांसमोर आणला तर कर्नलची निम्मी कल्पना येते. सभामंडपात कुणीही यावं, बसावं, बोलावं; गाभाऱ्यात मात्र उंबरठ्यावरून ताट पुजाऱ्याच्या हाती द्यायचं आणि प्रसाद येईपर्यंत थांबायचं. संगणकावरचे ब्राउझर, गेम, हिशेबाचे प्रोग्रॅम हे सगळे मंडपातले. डिस्कवर लिहिणं, पडद्यावर अक्षर उमटवणं, आणखी मेमरी मिळवणं, यातलं काहीही त्यांना परस्पर करता येत नाही. कर्नलकडे मागावं लागतं. या मागण्याला सिस्टीम कॉल म्हणतात. हा उंबरठा नुसता संकेताचा नाही, तो प्रोसेसरच्या सिलिकॉनमध्येच कोरलेला असतो. साध्या प्रोग्रॅमने राखीव सूचना चालवायचा प्रयत्न केला तर प्रोसेसर स्वतःच त्याला अडवतो आणि कर्नलच्या ताब्यात देतो. उपमा इथवरच ठीक. कारण कर्नलला मंडपातल्या प्रत्येकाला भास करून द्यायचा असतो की सगळं देऊळ तुझ्या एकट्याचं आहे, आणि हे कुठल्याही पुजाऱ्याच्या आवाक्यातलं काम नाही.

कर्नलच्या वाटेला लागलेला उत्साही मुलगा किंवा मुलगी साधारणपणे दोनपैकी एका आडवाटेला लागते. पहिली वाट थेट लिनक्सची. जगातले बहुतेक सर्व्हर आणि अँड्रॉइड फोन ज्यावर चालतात तो कर्नल, तोही फुकट आणि उघडा. मग तोच का नको? कारण तो आज तीन कोटी ओळींच्या पुढे गेला आहे. त्यातल्या निम्म्याहून जास्त ओळी निरनिराळ्या यंत्रांच्या ड्रायव्हरच्या आहेत हे खरं, पण उरलेला भागही तीस-पस्तीस वर्षांच्या तडजोडींनी भरलेला आहे. नवी प्रोसेस जन्माला घालणारं फंक्शन उघडावं तर पहिल्या पानावरच दहा अशा गोष्टी भेटतात ज्यांचं कारण भलत्याच फाइलमध्ये दडलेलं असतं. अशा वेळी नवखा माणूस टिप्पणीतली शुद्धलेखनाची चूक सुधारतो, तो पॅच ई-मेलने पाठवतो, तो स्वीकारलाही जातो. त्यातून पॅच पाठवायची रीत कळते, आणि तीही कामाचीच. कर्नल मात्र कळत नाही.

दुसरी वाट शून्यापासून स्वतःची सिस्टीम लिहिण्याची. ती जास्त मोहक आणि, माझ्या मते, जास्त फसवी. इंटेल घराण्याचा संगणक जुन्या पद्धतीने सुरू होतो तेव्हा डिस्कवरचा फक्त पहिला ५१२ बाइटचा तुकडा मेमरीत येतो आणि प्रोसेसर १९७८च्या ८०८६ या आपल्या खापरपणजोबासारखा वागत असतो. तिथून त्याला आजच्या रूपात आणायचं म्हणजे चाळीस वर्षांच्या सुसंगतीच्या हट्टांची एकेक गाठ सोडवायची. यात सहज महिने जातात. शेवटी पडद्यावर एक ओळ उमटते, आनंद होतो, आणि बहुतेक प्रकल्प तिथेच झोपतात. इतक्या दिवसांत शिकलेलं असतं ते पीसीचं पुराणवस्तुशास्त्र. दोन प्रोसेसनी एकच मेमरी मागितली तर काय, फाइल लिहिता लिहिता वीज गेली तर काय, हे कर्नलचे खरे प्रश्न अजून भेटलेलेही नसतात.

या दोन्ही वाटांच्या मधली जी वाट आहे तिचा पुरावा इतिहासात पुन्हा पुन्हा दिसतो, आणि गंमत म्हणजे प्रत्येक वेळी आकडा जवळपास तोच येतो. युनिक्सची सहावी आवृत्ती सुमारे नऊ हजार ओळी. पुढे सातवी आवृत्ती शिकवायला बंदी आली म्हणून अ‍ॅमस्टरडॅमच्या व्राये विद्यापीठातले अँड्र्यू टॅननबाउम यांनी १९८७ साली मिनिक्स ही शिकवण्यापुरती सिस्टीम लिहिली आणि पाठ्यपुस्तकाच्या मागे तिचा कोड छापला: सुमारे बारा हजार ओळी. लिनस टोरवाल्ड्सने सप्टेंबर १९९१मध्ये लिनक्सची ०.०१ ही आवृत्ती बाहेर काढली: सुमारे दहा हजार. अमेरिकेतल्या एमआयटीत आधी सहावी आवृत्ती आणि लायन्स यांचंच भाष्य घेऊन शिकवून पाहिलं गेलं, पण पीडीपी-११ हे नामशेष झालेलं यंत्र आणि जुन्या वळणाची सी भाषा यांतच मुलं अडकू लागली. म्हणून २००६ साली तिथल्या प्राध्यापकांनी तोच आराखडा आजच्या सी भाषेत नव्याने लिहिला आणि त्याला एक्सव्ही६ असं नाव दिलं. तोही दहा हजार ओळींच्या आतच. कादंबरीएवढा हा ऐवज एका माणसाच्या डोक्यात एका सत्रात मावतो. कुठल्या फाइलमध्ये काय आहे हे पाठ होतं. कर्नलच्या बाबतीत ही गोष्ट मोलाची आहे, कारण त्यातला कुठलाच भाग एकटा समजत नाही. मेमरी कळायला प्रोसेस लागते, प्रोसेस कळायला इंटरप्ट लागतो, इंटरप्ट कळायला पुन्हा मेमरी. हे वर्तुळ एकदा तरी पुरं फिरावं लागतं, आणि तीन कोटी ओळींभोवती कुणी फिरू शकत नाही.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप खुद्द टोरवाल्ड्सच्या नावाने येतो. हेलसिंकीच्या त्या विद्यार्थ्याने कुणाचा कर्नल वाचत बसण्यापेक्षा सरळ स्वतःचा लिहिला, मग आम्ही का नाही? पण हकीकत नीट पाहिली तर ती उलट साक्ष देते. त्याने टॅननबाउम यांचं पुस्तक वाचलं होतं, आणि त्या पुस्तकाने आपलं आयुष्य बदललं असं त्याने पुढे लिहून ठेवलं. १९९१च्या सुरुवातीला ३८६ प्रोसेसरचा पीसी घेतला तो मिनिक्स चालवायलाच. सुरुवातीचं लिनक्स मिनिक्सवर बसूनच लिहिलं गेलं आणि मिनिक्सचीच फाइल सिस्टीम वापरत होतं. त्याचा पहिला प्रयोगही केवढा, तर दोन कामं आळीपाळीने चालवायची: एक पडद्यावर 'ए' छापत राहील, दुसरं 'बी'. थॉम्पसन यांनी १९६९ साली काही आठवड्यांत युनिक्सचा पहिला सांगाडा उभा केला, ही गोष्टही अशीच अर्धवट सांगितली जाते. त्याआधी काही वर्षं ते मल्टिक्स या अवाढव्य सिस्टीमवर राबले होते, हे सांगायचं राहून जातं. या दोघांचं 'शून्य' आपल्या शून्याहून बरंच भरलेलं होतं.

आता वाचायचं म्हणजे काय ते एक्सव्ही६मध्येच बघू. कोड पहिल्या फाइलपासून क्रमाने वाचायला घेतला तर तिसऱ्या दिवशी कंटाळा येणार. त्यापेक्षा एक धागा पकडावा. समजा एका प्रोग्रॅमला पडद्यावर एक अक्षर लिहायचं आहे. तो 'राइट' हे फंक्शन बोलावतो. ते फंक्शन तीन सूचनांचं: ए७ नावाच्या रजिस्टरमध्ये १६ हा आकडा ठेव, ईकॉल ही सूचना चालव, परत जा. सोळा हा 'राइट'चा ठरलेला क्रमांक. ईकॉल झालं की प्रोसेसर उंबरठा ओलांडतो आणि कर्नलच्या एका छोट्या असेंब्ली तुकड्यावर येऊन पडतो, ज्याचं नाव ट्रॅम्पोलिन. तिथे आधी प्रोग्रॅमची सगळी रजिस्टरं जपून ठेवली जातात. मग मेमरीचा नकाशाच बदलला जातो, प्रोग्रॅमचा काढून कर्नलचा बसवला जातो. इथे क्षणभर थांबण्यासारखं आहे. नकाशा बदलला की पायाखालची जमीनच बदलते, मग पुढची सूचना प्रोसेसरला सापडते कुठे? म्हणून हे ट्रॅम्पोलिनचं पान दोन्ही नकाशांत अगदी एकाच पत्त्यावर ठेवलेलं असतं. एवढी एक गोष्ट स्वतःहून उलगडली की मेमरीचा नकाशा ही कल्पना जन्मात विसरत नाही. त्यानंतर कर्नल ए७मधला १६ वाचतो, तक्त्यात सोळाव्या जागी असलेलं फंक्शन बोलावतो आणि अक्षर पडद्याकडे रवाना होतं. एक्सव्ही६मधलं छपाईचं फंक्शन एकेक अक्षर सुटं पाठवतं, म्हणजे सहा अक्षरांचा शब्द छापायला ही सगळी यात्रा सहा वेळा होते. हे ढोबळ काम का, आणि ते कसं टाळता येईल, हा प्रश्न इथे आपसूकच पडतो.

दुसरा धागा मोकळ्या मेमरीचा. कर्नल मेमरी ४,०९६ बाइटच्या पानांत वाटतो. कुठली पानं मोकळी आहेत याची यादी ठेवायला हवी, पण यादी ठेवायची तर तिलाही मेमरी हवी. एक्सव्ही६चं उत्तर घरातल्या रिकाम्या डब्यांसारखं आहे: प्रत्येक मोकळ्या पानाच्या तोंडाशीच पुढच्या मोकळ्या पानाचा पत्ता लिहून ठेवायचा. पान मोकळं आहे, त्यात दुसरं काही नाहीच, मग यादी त्यातच राहू दे. शिवाय पान परत येतं तेव्हा त्याच्या प्रत्येक बाइटमध्ये मुद्दाम १ भरून टाकतात, आणि नव्याने देताना ५. कारण साधं आहे. पान परत केल्यावरही कुणी चुकून त्यातून वाचत राहिला तर त्याला जुनी, बरी दिसणारी माहिती मिळू नये. कचरा मिळावा आणि चूक ताबडतोब उघडी पडावी. मग प्रयोग करायचा. या यादीला एक कुलूप आहे, ते काढून टाकायचं. क्यूएमू या संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एक्सव्ही६ तीन प्रोसेसर घेऊन चालतो. दोन प्रोसेसरनी एकाच क्षणी यादीच्या डोक्याकडे पाहिलं तर एकच पान दोघांना दिलं जाऊ शकतं. सोबत येणाऱ्या चाचण्या चालवल्या की कधी सगळं सुरळीत पार पडतं, कधी भलत्याच ठिकाणी सिस्टीम कोसळते. शोध घ्यायला मध्ये एक छपाईची ओळ घातली, तर वेळेचं गणित बदलून चूक गायबच होते. कुलपांवरची दहा व्याख्यानं ऐकून जे कळत नाही ते या चिडचिडीत कळतं. आणि पोहण्याच्या आक्षेपाला उत्तरही हेच: हे वाचन काठावरचं नाही. फक्त बुडालो तरी पाय टेकतील एवढ्याच पाण्यात उतरायचं.

वाचनाच्या बाजूने आणखी एक साक्ष आहे, आणि ती कर्नल लिहिणाऱ्यांचीच. युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीत एका प्रोसेसवरून दुसरीवर उडी मारणारा जो कोड आहे, तिथे टिप्पणी होती की हे तुम्हाला समजावं अशी अपेक्षा नाही. प्रोग्रॅमरांच्या जगात ती फार गाजली. वाचकांना तो उर्मटपणा वाटला. रिची यांनी पुढे खुलासा केला की म्हणायचं होतं ते 'हे परीक्षेला नाही' अशा अर्थाने. आणि त्याहून प्रामाणिकपणे हेही कबूल केलं की तिथे नेमकं काय चाललं आहे ते आम्हालाही पुरतं कळलेलं नव्हतं. तो कोड पीडीपी-११च्या कंपायलरच्या एका सवयीवर उभा होता. युनिक्स इंटरडेटा या दुसऱ्या यंत्रावर न्यायला घेतलं तेव्हा ती पद्धतच मुळात सदोष असल्याचं दिसलं. तोच भाग एक्सव्ही६मध्ये आता स्वच्छ आहे: चौदा रजिस्टरं एका जागी ठेव, दुसऱ्या जागेवरून चौदा उचल, परत जा. परत जातो तो मात्र वेगळ्याच प्रोसेसमध्ये. एकोणतीस सूचनांची ही हातचलाखी, पण पहिल्यांदा वाचताना चक्कर येते, आणि थॉम्पसन-रिचींनाही तिथे चुकायला झालं होतं हे ठाऊक असलं की धीर येतो.

तयारीचं म्हणाल तर फार काही लागत नाही. सी भाषेतले पॉइंटर न घाबरता वाचता यायला हवेत, हेक्साडेसिमल, म्हणजे सोळाच्या पायावरचे, आकडे ओळखीचे हवेत, असेंब्ली वाचण्यापुरती. कर्नलमध्ये नेहमीची सी लायब्ररी नसते. मेमरी मागायची तर ती देणारे तुम्हीच. एक्सव्ही६मध्ये प्रत्येक प्रोसेसच्या कर्नलमधल्या स्टॅकला एकच पान मिळतं, त्यामुळे मोठा अ‍ॅरे फंक्शनमध्ये जाहीर करायची सवय सोडावी लागते. वेगळं यंत्र मात्र लागत नाही. क्यूएमू हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम संगणकाच्या पोटात दुसरा संगणक उभा करतो, जुन्या लॅपटॉपवरही. कर्नल कितीदाही कोसळला तरी आपलं मशीन शाबूत राहतं. त्याला जीडीबी हा डीबगर जोडला की कर्नल सूचनेसूचनेला थांबवून रजिस्टरं बघता येतात, जी सोय लायन्स यांच्या विद्यार्थ्यांना स्वप्नातही नव्हती. एक्सव्ही६ आता रिस्क-फाइव्ह या खुल्या प्रोसेसर-रचनेवर चालतो. ती २०१०मध्ये बर्कलीत सुरू झाली आणि मद्रास आयआयटीचा 'शक्ती' प्रोसेसरही तिच्यावरच बेतलेला आहे. मुंबई आयआयटीतल्या प्रा. मैथिली वुटुकुरु यांची ऑपरेटिंग सिस्टीमवरची व्याख्यानं इंटरनेटवर मोफत आहेत आणि त्यांत एक्सव्ही६ची आधीची, इंटेलवरची आवृत्ती उलगडून दाखवली आहे. म्हणजे मराठवाड्यातल्या एखाद्या कॉलेजात हा विषय नुसत्या नोट्सवर उरकला जात असला, तरी तिथल्या मुलाला अडवणारं फारसं काही उरलेलं नाही. इंग्रजीचा अडसर आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही.

उरलेले आक्षेप थोडक्यात. सी जुनी आणि धोकादायक, रस्ट शिकावी, असं म्हणतात. डिसेंबर २०२२च्या ६.१ आवृत्तीपासून लिनक्सनेही रस्टला दार उघडलं आहे. जरूर शिकावी. पण परत केलेल्या पानातून वाचण्याचा फटका एकदा खाल्लेला असला की रस्टचे निर्बंध कटकट वाटत नाहीत. दुसरं म्हणणं असं की आता कोड एआय लिहील. लिहील. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा-प्रोग्रॅमच्या एका अपडेटने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार विंडोजची सुमारे ८५ लाख मशीनं बंद पाडली. आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहून द्यावे लागले. मूळ कारण एवढंच की नव्या रचनेत २१ रकाने धरले होते, कोडकडे मात्र २०च येत होते, आणि एकविसावा वाचायला गेलेला हात मेमरीत भलतीकडे पडला. हाच कोड साध्या प्रोग्रॅमात असता तर तो एक प्रोग्रॅम मेला असता. तो कर्नलमध्ये होता, म्हणून मशीन मेलं. असा कोड कुणीही लिहिलेला असो, तो तपासून 'चालू दे' म्हणणाऱ्याला उंबरठ्याच्या आत काय चालतं ते ठाऊक असायलाच हवं.

राहता राहिला तो शेवटचा टोमणा, की एक्सव्ही६ हे खेळणं आहे आणि नोकरी लिनक्सवर मिळते. खेळणं आहेच, त्यात नेटवर्क नाही, युजर वेगळे नाहीत, फाइल सिस्टीम इवलीशी. पुरा वाचून झाल्यावर त्यात एखादा नवा सिस्टीम कॉल घालावा, मग व्हर्च्युअल मशीनमध्ये लिनक्स घेऊन त्याचं एक छोटं मोड्यूल लिहावं, चढवावं, उतरवावं, आणि कधीतरी मुद्दाम चुकवावं. मेमरी परत करून झाल्यावर तिच्यातूनच एखादा पत्ता वाचायचा आणि त्यावर जायचं. मेमरी तपासणारी डिबगची सोय चालू असली तर मशीन कोसळताना पडद्यावर रजिस्टरांची जी यादी येते तिच्यात ६बी६बी६बी६बी असा विचित्र आकडा दिसतो. अनोळखी माणूस तो गुगलवर शोधत बसतो. एक्सव्ही६मध्ये परत आलेली पानं १ने भरलेली ज्याने पाहिली आहेत, तो नुसत्या नजरेने ओळखतो की लिनक्सवालेही परत आलेली मेमरी अशीच कचऱ्याने भरतात, फक्त त्यांचा कचरा वेगळा आहे.